नवरा किंवा बायको अंथरुणाला खिळल्यावर बँकेशी पडलेली गाठ : तुमचे अनुभव लिहा

म्हापसेकरीण
काल म्हापशाला बँकेत गेले होते. पुढच्या बाईंच्या हातात नवऱ्याची विड्रॉल स्लिप. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सही जुळत नाही, त्यांनाच घेऊन या." त्या म्हणाल्या, "ते गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात आहेत." मला आमचे दिवस आठवले आणि पोटात कालवलं.

आमच्या ह्यांना झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पेन्शन ह्यांच्या एकट्याच्या खात्यात. औषधं, डायपर, फिजिओ, सगळं माझ्या बांगड्यांवर चाललं. बँकेत एकच पालुपद, पेशंटला आणा. शेवटी बँकेतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी सांगितलं की आजारी खातेदाराचा अंगठा चालतो, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार हवेत, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. मग नवीन मॅनेजरबाई स्वतः घरी आल्या. ह्यांचा डावा अंगठा त्यांनी शाईच्या पॅडवर टेकवला, ठसा अर्धवट उठला म्हणून पुन्हा घेतला, मग आपल्याच रुमालाने शाई पुसली. जन्मभर मुलांच्या वह्या तपासून सह्या केलेल्या मास्तरांचा अंगठा घेताना मला फार लागलं. पण त्या बाईंना मी विसरणार नाही.

डिचोलीची सून
ताई, वाचून रडूच आलं. अंगठा उठत नसेल तर नुसती खूणसुद्धा चालते, साक्षीदार तसेच. पैसे कोण काढणार ते पेशंटने खुणेने सांगायचं. सासूबाईंच्या वेळी केलंय. कुकर झाला, नंतर येते

फोंडा बाजार
आमचं खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही एकट्याने चालवायचं असं होतं, त्यामुळे रोजच्या पैशांची चिंता नव्हती. पण ऑपरेशनसाठी एफडी मुदतीआधी मोडायला गेलो तर दोघांच्या सह्या मागितल्या. बायको आयसीयूत. मेहुण्याने उसने दिले म्हणून निभावलं.

वास्कोकर
माझी बायको कोमात होती. अंगठा, खूण कशाचाच उपयोग नव्हता. तिने मला मुखत्यारपत्र दिलेलं, पण माणसाचं भान हरपलं की ते कायद्याने संपतं, हे वकिलाने सांगितलं. पर्वरीला हायकोर्टात जाऊन स्वतःला तिचा पालक नेमून घ्यावं लागलं. आपल्या गोव्यात लग्न झालं की मालमत्ता दोघांची अर्धी अर्धी. इन्कम टॅक्सवालेसुद्धा व्याज दोघांत वाटतात. आणि काउंटरवर मी तिच्या खात्याला परका! तो राग अजून गेलेला नाही. ती गेली. ज्यांची माणसं अजून बोलतायत त्यांनी आजच खाती जॉइंट करा.

डिचोलीची सून
वास्कोकर भाऊ, काय लिहू. सांभाळा स्वतःला. रात्री जेवता ना वेळेवर?

वास्कोकर
मुलगी असते बाय. देव बरें करूं.

साखळीवाला
पेन्शनसाठी नोव्हेंबरात द्यायच्या हयातीच्या दाखल्याचं कोणीच नाही लिहिलं. आमच्या हिचे ठसे मशीन घेईना. आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, फक्त डोळे मिचकावावे लागतात. हिने मिचकावले आणि वर हसलीसुद्धा, कित्येक दिवसांनी!

म्हापसेकरीण
अगोबाई, किती छान 😊

फोंडा बाजार
आणि शुक्रवारी म्हापशाच्या बँकेत कोणी जाऊ नका. बाजाराच्या दिवशी गाडी लावायला जागा मिळाली तर नारळ फोडा.

म्हापसेकरीण
खरंय हो 😄 त्यात गणेश चवथीच्या आधीचा शुक्रवार असला तर विचारूच नका.

पेडण्याची
माझे मिस्टर डायलिसिसवर आहेत, वय ५८. खातं जॉइंट आहे पण केवायसीसाठी त्यांनाच बोलावलंय. घरपोच सेवा सत्तरीनंतरच देतात म्हणाले. खरं का?

म्हापसेकरीण
नाही गं. २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या घरपोच सेवेच्या नियमात सत्तरीपुढचे आहेतच, पण डॉक्टरी दाखला असलेले दीर्घ आजारी आणि अपंगही आहेत. केवायसीची कागदपत्रं घरी येऊन घेणं त्यातच येतं. डायलिसिसच्या डॉक्टरांकडून दाखला घे, अर्जाला जोड आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घे. अर्ज कसा लिहायचा ते मेसेजमध्ये पाठवते, दुपारची भांडी आवरली की लगेच.