पाया सूपातलं हाड आणि पडद्यावरचं हाड

खडूफळा (धागाकर्ता):
पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना प्राण्यांची हाडं ओळखायला शिकवतो. विभागात सांगाडे दोनच: एक गाय आणि एक शेळी, तिलाही डावा मागचा पाय नाही. उत्खननात मात्र गुरं, शेळ्यामेंढ्या, हरणं यांचे तुकडे एकाच पिशवीत येतात. काळविटाचा सांगाडा जमवावा म्हटलं, तर १९७२चा वन्यजीव कायदा आडवा येतो. मेलेल्या काळविटाचं हाडही परवानगीशिवाय उचलता येत नाही. तिकडे अमेरिकेतल्या आयडाहो स्टेट विद्यापीठाने आर्क्टिकमधल्या प्राण्यांच्या हाडांची पडद्यावर फिरवून पाहता येणारी त्रिमितीय रूपं, म्हणजे स्कॅन, केव्हाच खुली केली. आपणही तेच करावं आणि नव्या सांगाड्यांवरचा खर्च थांबवावा, असं माझं मत.

हाडवैद्य:
साफ असहमत. शेळी की मेंढी हे कळायला पुढच्या पायाची नळी बोटांत फिरवावी लागते. मेंढीची लांब नि सडपातळ, शेळीची आखूड नि रुंद. खालच्या टोकाच्या गोलाईतला फरक तर नखाला आधी कळतो, डोळ्याला नंतर. खाटकाकडून पाये आणा, सूप प्या, हाडं ठेवा. खर्च कसला?

खडूफळा:
काळवीट कुठला खाटीक देतो?

रणवाट:
कच्छमधल्या सुरकोटडा या हडप्पाकालीन स्थळाचा वाद आठवा. तिथली हाडं घोड्याची असल्याचं पुरातत्त्वज्ञ ए. के. शर्मांनी १९७४ मध्ये मांडलं. पुढे हंगेरीचे हाडांचे तज्ज्ञ सांडोर बोकोनी यांनी हाडं पाहून दुजोरा दिला. १९९७ मध्ये रिचर्ड मेडो आणि अजिता पटेल या प्राण्यांच्या हाडांच्या अभ्यासकांनी ते अमान्य केलं. स्कॅन खुले असते तर कुणालाही घरी बसून मोजता आलं असतं. आज आपण नुसते 'हे म्हणाले, ते म्हणाले' करत बसतो.

हाडवैद्य:
मोजून काय होणार? मापांवर वाद नव्हताच फारसा. खूर, म्हणजे रणातलं रानगाढव, कुठे संपतं आणि घोडा कुठे सुरू होतो, हा प्रश्न होता. त्याला नर, माद्या, पोरं, म्हातारे असे पुष्कळ खूर पाहिलेले लागतात. एक स्कॅन म्हणजे एकच जनावर. विद्यार्थी तेवढंच जनावर पाठ करतो आणि दुसरं आलं की गडबडतो. शिवाय स्कॅनमधलं हाड अखंड, स्वच्छ. खड्ड्यातलं जळलेलं, कुत्र्याने चावलेलं.

रणवाट:
मग हे स्कॅनच्या बाजूचंच बोललात की! एका संग्रहालयात वीस खूर कुठून असणार? दहा ठिकाणचे दोन-दोन जोडले तर होतील. तुटक्या तुकड्यांचेही स्कॅन करा, कुणी अडवलंय?

खडूफळा:
हे पटलं. खर्च थांबवा हे माझं वाक्य मागे घेतो. पण सुरुवात कुणाच्या हाडांपासून?

हाडवैद्य:
माझ्याकडे धनगरांकडून मिळालेल्या मेंढ्यांचे सात सांगाडे आहेत, वय-लिंगाच्या नोंदींसकट. स्कॅनर घेऊन या. हाडं मात्र दाराबाहेर जाणार नाहीत.