बोलायला उशीर झाला की घरची भाषा सोडायची? हा सल्ला थांबवा

रानवाट:
सध्या एक पोस्ट फिरतेय: ‘मूल उशिरा बोलतंय? घरात एकच भाषा ठेवा, शाळेची. दोन भाषांनी मेंदू गोंधळतो.’ खाली पालकांनी आभारांची रांग लावलीय. राहवलं नाही म्हणून लिहितेय.

दोन भाषांमुळे भाषाविकार होत नाही. खरा विकार असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो, आणि एक काढून घेतल्याने दुसरी सुधारत नाही. माझ्या भाचीला हाच सल्ला मिळाला होता. तपासणीत चित्रं दाखवून शाळेच्या भाषेतले शब्द विचारले. उशी, कंगवा, बादली हे शब्द तिने घरच्या भाषेत सांगितले, ते चूक धरले. दोन्हीकडचे शब्द एकत्र मोजले असते तर पोर वयाच्या मानाने ठीक होती. मग तिची आई जेमतेम येणाऱ्या भाषेत तिच्याशी बोलू लागली. गोष्टी बंद, लाडीगोडी बंद. घरात उरलं काय, तर ‘बस’, ‘चल’, ‘नको’.

हे आजचं नाही. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची इंग्रजीतून बुद्धिचाचणी घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात टाकलं होतं. स्पॅनिशमधून पुन्हा तपासल्यावर त्यातली बहुतेक मतिमंद ठरवायच्या मर्यादेच्या वर निघाली. १९७० साली या मुलांच्या वतीने लढलेल्या डायना खटल्यातल्या तडजोडीत मुलांना त्यांच्या भाषेतून तपासायचं ठरलं. तरी आपण तिथेच.

खडूफळा:
रानवाट, मी शिकवते, म्हणून दुसरी बाजू सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. वाक्य तुटक, सांगितलेल्या दोन गोष्टींतली एकच लक्षात राहायची. सगळे म्हणाले, ‘घरी वेगळी भाषा आहे, येईल हळूहळू.’ हळूहळू करता करता तो वरच्या वर्गांत गेला, वाचन कच्चंच राहिलं आणि ‘आळशी’ हा शिक्का बसला. शेवटी घरच्या भाषेतही तेच निघालं. डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, म्हणजे भाषा शिकण्यातच अडचण येणारा विकार, शंभरात सुमारे सात मुलांना असतो. दोन भाषांच्या घरातली मुलं त्यातून सुटत नाहीत. तुमच्यासारखं लिहिणाऱ्यांमुळे पालक निर्धास्त होतात आणि वर्षं वाया जातात.

रानवाट:
‘तपासू नका’ असं मी कुठे म्हटलंय? दाखवा. वाट बघत बसू नये हे मान्य, पण तपासायचं ते नीट. आधी पालकांना विचारा, भावंडं या वयात कशी बोलायची. न ऐकलेले निरर्थक शब्द मुलाकडून म्हणवून घ्या, त्यात आधीच्या शब्दसाठ्याचा आधार कमी लागतो. नवीन काही शिकवा आणि किती पटकन उचलतं ते बघा.

खडूफळा:
आणि हे करणार कोण? ती भाषा येणारा स्पीच थेरपिस्ट मिळतो का? कागदावर सगळं छान वाटतं.

पायरी:
दुभाषा तरी प्रशिक्षित हवा. आजोबांना पक्षाघातानंतर अफेझिया झाला, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडली. थेरपिस्टला त्यांची भाषा येत नव्हती, म्हणून आत्या भाषांतराला बसली. आजोबा वाक्याच्या मध्येच भलते शब्द घालत होते, काही तर कुठल्याच भाषेतले नव्हते. आत्या मायेने ते जुळवून सुसंगत वाक्य सांगायची. थेरपिस्टने लिहिलं, ‘बोलणं बहुतांशी अर्थपूर्ण’. मी शेजारी बसून ऐकत होतो.

कानोसा:
सगळे भाषेवर भांडताय, कान तपासले का? जगात ४३ कोटींहून जास्त लोकांना उपचारांची गरज पडेल इतकं कमी ऐकू येतं, आणि त्यातले जवळपास ८० टक्के कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत. महिन्याच्या आत कानांची चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार हे वेळापत्रक तिथल्या किती बाळांच्या वाट्याला येतं? माझ्या बहिणीचं निदान उशिरा झालं, वर सांगितलं, ‘खुणा करू नका, बोलायचा आळस करेल.’ १८८० च्या मिलान परिषदेने, म्हणजे बहिऱ्यांच्या शिक्षणावरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार केली, तीच ही विचारसरणी. बहिणीच्या लहानपणी तिच्याकडे कुठलीच भाषा नव्हती. पोट दुखतंय की भीती वाटतेय, हेही आम्हाला कळायचं नाही.

उंबरठा:
आमच्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यायला कानात बसवायचं यंत्र, केलंय. तो बोलतो, फोनवर आजीशी गप्पा मारतो. दर वेळी आम्हा पालकांना गुन्हेगार ठरवणं बंद करा.

कानोसा:
तुम्हाला कोण काय म्हणालं? तुम्हाला लवकर निदान मिळालं, मॅपिंगला, म्हणजे इम्प्लांट मुलाला जुळवून घ्यायला, जाता आलं, वर्षानुवर्षं थेरपी परवडली. ज्यांच्या गावापासून कान तपासणारा ऑडिओलॉजिस्ट दिवसभराच्या प्रवासावर आहे, त्यांच्या मुलाने तोवर कुठल्या भाषेत विचार करायचा?

उंबरठा:
परवडली? घर गहाण टाकलंय. माहीत नसताना बोलू नका.

खडूफळा:
धागा उशिरा बोलणाऱ्या मुलांवर होता.

कानोसा:
खडूफळा, बहिरी मुलंही उशिरा बोलणारी मुलंच असतात. २०१० मध्ये बहिऱ्यांच्या शिक्षणावरच्याच व्हँकूव्हरच्या परिषदेने मिलानचे ठराव नाकारले, खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षांनी! बहुतेक बहिऱ्या मुलांचे आईवडील ऐकणारे असतात, त्यांना पहिल्या दिवसापासून खुणा शिकवणारं कुणी भेटत नाही. उंबरठा, घराचं वाचून वाईट वाटलं. पण इम्प्लांट काढा असं मी म्हणत नाही. खुणा बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

उंबरठा:
रात्री इम्प्लांटचा बाहेरचा प्रोसेसर काढला की त्याला काही ऐकू येत नाही. तेव्हा आम्ही चार खुणा वापरतो, घरच्या घरी ठरवलेल्या. त्या नीट शिकवणारं कुणी असेल तर शिकू. पण बोलण्याची थेरपी सोडणार नाही, हे आत्ताच सांगतो.

रानवाट:
सोडा म्हणतंय कोण? घरची भाषा, शाळेची भाषा, खुणांची भाषा, मुलाकडून काहीही काढून घेऊ नका, एवढंच तर पहिल्यापासून लिहितेय. खडूफळा, तुमच्या शाळेत निदान पालकांना प्रश्न विचारायची यादी त्यांच्या भाषेत करता येईल का? मदतीला मी तयार आहे.

खडूफळा:
यादी पाठवा. वापरून बघेन. पण ‘थांबा, बोलेल’ म्हणणाऱ्यांविरुद्धही असाच धागा काढा, तो मला अजून दिसलेला नाही.