आखेनहून वीकेंडला वर्गातल्या मुलामुलींबरोबर कुठे जावं? बजेट कमी, खाणं शाकाहारी

कृष्णाकाठ_सांगली:
नमस्कार मंडळी. मी ऑक्टोबरपासून जर्मनीत आखेनला मास्टर्स करतेय, मेकॅनिकल. आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये एक इराणची मुलगी, दोघं मेक्सिकोचे, एक तुर्की, एक चिनी आणि एक इथलाच जर्मन मुलगा. हिवाळ्यात सगळे आपापल्या खोलीत होते पण आता मे उजाडल्यापासून दर शुक्रवारी ग्रुपवर सुरू होतं, उद्या कुठे जायचं, आणि मी दर वेळी काहीतरी कारण सांगून मागे राहते.

कारणं खरं सांगायचं तर दोन. एक म्हणजे पैसे. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यात रूमचं भाडं आणि इन्शुरन्स गेलं की उरतं ते जपूनच वापरावं लागतं, आणि घरी लोन आहे, बाबा रिटायर व्हायला आलेत, त्यामुळे वॉफलवर सहा युरो घालवताना हात अडखळतो. दुसरं म्हणजे खाणं. मी शाकाहारी आहे, केकमधलं अंडं चालतं पण मांस मासे नाही. हे सगळे खायला म्हणूनच बाहेर पडतात आणि मी फक्त फ्राईज घेऊन बसले की त्यांनाच कसंतरी होतं, मग माझ्यासाठी जागा शोधत फिरतात, ते मला नको वाटतं.

इथले आपले काही सीनियर्स म्हणतात की असल्या छोट्या ट्रिपा करू नकोस, पैसे साठव आणि सुट्टीत एकदाच पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग असं सगळं उरकून टाक. पण मला या ग्रुपबरोबरच जावंसं वाटतंय हो. ज्यांनी इथे शिक्षण केलंय त्यांनी सांगा, एका दिवसात जाऊन येण्यासारखं, कमी खर्चात, आणि मला पोटभर खाता येईल असं काय काय आहे?

राईनकाठी:
ताई आधी एक सांग, तुझ्या युनिव्हर्सिटीच्या फीमध्ये सेमिस्टर तिकीट आहे ना? २०२४ च्या उन्हाळी सेमिस्टरपासून बऱ्याच युनिव्हर्सिटींनी ते देशभर चालणारं केलंय, डॉइचलांडटिकेटच्या, म्हणजे देशभर चालणाऱ्या मासिक पासाच्या, साठ टक्के किमतीत. म्हणजे रीजनल गाड्या, एस-बान (लोकल), बस, ट्राम, अख्ख्या जर्मनीत. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या सोडून. ते पैसे तू सहा महिन्यांचे आधीच भरलेत, घरी बसलीस तरी गेलेच. त्यामुळे जर्मनीच्या आतल्या ट्रिपचा प्रवासखर्च तुझ्यासाठी शून्य आहे, हे आधी डोक्यात पक्कं कर.

आता जागा. कोलोन रीजनल गाडीने तासाभरात. स्टेशनच्या दारातून बाहेर पडलं की समोर कॅथेड्रल, १२४८ ला काम सुरू झालं आणि १८८० ला पूर्ण झालं, मध्ये काही शतकं नुसतं अर्धवट उभं होतं. टॉवरला ५३३ पायऱ्या आहेत, तिकीट आहे पण स्टुडंट कार्ड दाखवलं की कमी पडतं. वर गेलात की खाली राईन आणि होहेनझोलर्न पूल दिसतो, कुलपांनी भरलेला. मग जेवायला कॅथेड्रलजवळ अजिबात बसू नका, तिथे सगळं महाग. स्टेशनच्या मागच्या बाजूने आयगेलश्टाइनकडे चालत जा, वायडेनगासे म्हणून गल्ली आहे, सगळी तुर्की दुकानं. मसुराचं सूप लिंबू पिळून, गरम ब्रेड, भाजलेली वांगी, पालक आणि चीज भरलेलं ग्योझलेमे, शेवटी बकलावा. तुमच्यातला तुर्की मुलगा तिथे बाकीच्यांना स्वतः ऑर्डर करून खाऊ घालेल बघ, तू काहीच शोधायची गरज नाही. सूपबद्दल मात्र एकदा विचारून घ्या, काही ठिकाणी मटणाच्या पाण्यात करतात.

ड्युसेलडॉर्फला इमरमानश्ट्रासेच्या आसपास जपानी वस्ती आहे, रामेन (रश्शातले नूडल्स), बेकऱ्या, किराणा. तिथे तुझ्यासाठी जरा अवघड कारण मिसो रामेन म्हटलं तरी खालचा रस्सा हाडांचा असू शकतो, पण वेगळं व्हेज रामेन ठेवणाऱ्या जागा आहेत आणि लाल बीनचं पुरण भरलेले बन मिळतात ते तुला नक्की आवडतील.

आणि कधीतरी पहाटे उठून कोब्लेंट्सच्या पुढे जा. कोब्लेंट्स ते बिंगन गाडी अगदी नदीला चिकटून जाते, दोन्ही बाजूंना किल्ले आणि द्राक्षाचे मळे, लोरेलायचा प्रसिद्ध खडक लागतो, हा सगळा पट्टा युनेस्कोच्या यादीत आहे २००२ पासून. बाखाराखला उतरून गावात हिंडा. जाताना खिडकी नदीच्या बाजूची धरा, म्हणजे कोब्लेंट्सहून जाताना डावीकडची.

मास्ट्रिख्टची_ताई:
कृष्णाकाठ, मी तुझ्या सीमेपलीकडे नेदरलँड्समध्ये राहते त्यामुळे इकडचं सांगते, आणि फ्राईजचं आधी सांगते कारण ते महत्त्वाचं आहे. बेल्जियममध्ये पारंपरिक फ्राईज गाईच्या चरबीत तळतात. सगळीकडे नाही, आता वनस्पती तेल वापरणारी दुकानं पण आहेत, पण जुन्या नावाजलेल्या फ्रितुरमध्ये (फ्राईजच्या दुकानात) बहुतेक चरबीच. नेदरलँड्स आणि जर्मनीत सहसा तेलात तळतात पण तरी विचारायचं. शाकाहारी लोक बिचारे फ्राईज सेफ समजून खात राहतात आणि कोणी सांगत नाही.

बेल्जियममधल्या लिएजला मात्र जाच. आखेनहून मास्ट्रिख्टला हेरलेनवरून थेट गाडी आहे आणि तीच पुढे लिएजला जाते. रविवार सकाळ निवड, म्यूज नदीच्या काठाने ला बात नावाचा बाजार भरतो, फळं, चीज, ऑलिव्ह, फुलं, कोंबड्यासुद्धा, लांबच लांब. आपल्या आठवडी बाजारात शिरल्यासारखं वाटतं. दुपारी बाजार उठायला लागला की फळांचे भाव पडतात, तेव्हा ग्रुपने मिळून एक पेटी स्ट्रॉबेरी घ्या. तिथला वॉफल म्हणजे जाड, आत साखरेचे खडे वितळलेले, वरून काही घालायचंच नाही, साधा गरम घ्यायचा, पर्यटकांसाठी क्रीम चॉकलेट लावून दुप्पट पैसे घेतात तो नको. मग माँताग्न द ब्युरेनच्या ३७४ पायऱ्या चढा, वरून सगळं शहर दिसतं. तिथलं ग्यिमां स्टेशन पण नीट बघ, कालात्रावा या स्पॅनिश आर्किटेक्टने केलेलं, २००९ साली उघडलं, इंजिनिअरिंगवाल्यांनी तर बघायलाच हवं.

मास्ट्रिख्टला आलीस तर डोमिनिकन चर्चमधलं पुस्तकांचं दुकान बघ, जुन्या गॉथिक चर्चच्या आत तीन मजली पुस्तकांची कपाटं आहेत, एक पैसा लागत नाही.

पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही बरोबर ठेवा, तुझ्या ग्रुपमध्ये बहुतेक सगळे युरोपबाहेरचे आहेत म्हणून सांगते. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या शेजारी देशांच्या सीमांवर तपासणी सुरू केली, परत येताना गाडीत पोलीस चढू शकतात. आणि तुझं जर्मन तिकीट सीमेपलीकडे कुठपर्यंत चालतं ते ॲपवर बघून पुढचं तिकीट काढूनच बस.

मावळातला_गडी:
मी जरा वेगळं बोलतो. ट्रिपा करा पण दर शनिवारी नको. जुलैअखेर परीक्षा सुरू होतात आणि तिथे एकच लेखी परीक्षा, तिच्यावर सगळे मार्क, आपल्याकडच्यासारखं इंटर्नल नाही. शिवाय इथे विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करायला परवानगी आहे, युनिव्हर्सिटीतली हिवीची (विद्यार्थी सहाय्यकाची) नोकरी तर त्या मर्यादेत धरतच नाहीत. आधी एखादी हिवीची नोकरी मिळव, त्या पैशातला ठराविक हिस्सा फिरायला बाजूला काढ, मग बाबांच्या पैशाचं ओझं मनावर राहणार नाही. महिन्यातून दोनदा पुरे. सीनियर्स म्हणतात ते चार दिवसांत पाच शहरं, ते मात्र मला पण पटत नाही, सगळा वेळ बसमध्ये आणि हॉस्टेलच्या चेक-इनमध्ये जातो.

जुना_आखेनकर:
मी बऱ्याच वर्षांपूर्वी तिथे होतो, आता पुण्यात असतो. हा प्रश्न वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मुली, तू मागे राहू नकोस. लेक्चरमध्ये, लॅबमध्ये माणसं ओळखीची होतात, पण गाडीत दोन तास समोरासमोर बसून डबा उघडला की जी मैत्री होते ती वेगळी, आणि ती या वयातच होते. माझे त्या वेळचे मित्र आज कुठे कुठे आहेत, आजही एकमेकांकडे उतरतो, आमच्या मुलांची पण आता ओळख झालीय. पॅरिस पुढे कधीही बघता येईल, नोकरी लागल्यावर नवऱ्याबरोबर, आईवडिलांना घेऊन. हा ग्रुप पुढच्या वर्षी थिसिसला लागला की विखुरणार.

खाण्यावर आमचा उपाय होता, हॉटेलात जायचंच नाही. प्रत्येकाने आपल्या घरचं एक काहीतरी करून आणायचं. मी थालीपीठं आणि शेंगदाण्याची चटणी न्यायचो, प्रवासात टिकतात, गार झाली तरी चांगली लागतात. भाजणी नसेल तर गहू, बेसन, ज्वारीचं जे मिळेल ते पीठ, कांदा, तीळ, जमतं. इराणी लोक भाज्यांचं आणि हर्ब्जचं कुकू करतात, अंड्याचं असतं ते तू ठरव, मेक्सिकोवाले बीन्स आणि टॉर्टिया आणतील. ब्रेड आणि चीज वाटेत सुपरमार्केटमधून. मात्र रविवारी जर्मनीत दुकानं बंद, स्टेशनमधली काही उघडी असतात पण महाग, म्हणून शनिवारीच घेऊन ठेवा. आणि कधी हॉटेलात बसलात तरी संकोच करू नकोस, तिथे प्रत्येकाचं बिल वेगळं करून द्यायची पद्धतच आहे, सूप घेतलंस तर सुपाचेच पैसे.

सुरुवात अगदी जवळून करा. फाल्सच्या टेकडीवर चालत जा, जर्मनी नेदरलँड्स बेल्जियम तिन्ही देश जिथे मिळतात ती जागा, ३२२ मीटर उंच, सांगलीच्या माणसाला त्याचं काही वाटणार नाही पण डच लोकांचा त्यांच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात उंच बिंदू आहे तो. १९२० पर्यंत तिथे चौथी हद्द पण मिळायची, न्यूट्रल मोरेसनेट नावाचा चिमुकला प्रदेश होता, जस्ताच्या खाणीवरून भांडण नको म्हणून १८१६ ला कोणालाच दिला नव्हता. मेकॅनिकलच्या पोरांना हा इतिहास आवडेल. जंगलातून पायवाट आहे, खर्च काही नाही.

दुसरं मोनशाउ. आखेनहून बस जाते, रूर नदीच्या दरीत लाकडी चौकटींची जुनी घरं, आणि १८८२ ची मोहरीची गिरणी, तिथे वेगवेगळ्या मोहरीच्या चटण्या चाखायला मिळतात. आपल्या जिभेला जर्मन जेवण सपक लागतं ना, त्यावर ही मोहरी घे एक बरणी.

कृष्णाकाठ_सांगली:
काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार. फ्राईजचं वाचून धक्काच बसला, बेल्जियममध्ये खाल्ले नव्हते हे नशीब. हिवीसाठी दोन इन्स्टिट्यूटना कालच मेल टाकलाय. ग्रुपवर डब्याची आयडिया सांगितली तर इराणची मैत्रीण इतकी खूश झाली, ती म्हणाली तिलाही हॉटेलचे पैसे जड जात होते पण बोलायची नाही. या शनिवारी मोनशाउ ठरलंय. जर्मन मुलगा म्हणतोय तो श्पार्गल म्हणजे पांढरा ॲस्परॅगस घेऊन येतो घरी उकडून, ते शाकाहारी म्हणून खाता येईल ना? आणि संध्याकाळी किती वाजता निघावं परत यायला?

राईनकाठी:
श्पार्गल बिनधास्त खा, फक्त काही जण त्यावर हॅम गुंडाळून देतात तेवढं आधी सांगून ठेव, आणि वरचा पिवळा सॉस अंड्याचा असतो, तुला नको असेल तर वितळलेलं लोणी घाल. २४ जूनला त्याचा सीझन संपतो त्यामुळे आत्ताच खाऊन घे. परतीला शेवटच्या बसच्या आधीची एक बस धरा, वीकेंडला बसेस कमी असतात आणि तुम्ही सात जण आहात, टॅक्सी परवडणार नाही. उजेड साडेनऊपर्यंत असतो त्यामुळे वेळेचं भान राहत नाही, कोणीतरी एकाने अलार्म लावा.

मास्ट्रिख्टची_ताई:
आणि जॅकेट न्या सगळ्यांनी, मोनशाउच्या आसपासच्या आयफेल डोंगराळ भागात मे महिन्यातही संध्याकाळी चांगलं गार होतं. पाण्याच्या बाटल्या घरून भरून न्या, हॉटेलात साधं पाणी फुकट देतीलच असं नाही. लिएजला कधी येताय ते कळव, रविवार असेल तर मी मास्ट्रिख्टहून त्याच गाडीत चढते, थालीपीठ माझ्यासाठी एक ठेव.