एमआयडीसीत स्फोट, दाजी गेले, ठेकेदार ५०० च्या स्टॅम्पवर ताईची सही मागतोय

पत्रेवाला (१० ऑगस्ट २०२५)
मंगळवारी आमच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत रिअॅक्टर फुटून आग लागली, त्यात माझे दाजी गेले. वय ३५, ठेकेदाराकडे होते, पगार १६ हजार पण हातात रोख, स्लिप कधी दिलीच नाही. कंपनी म्हणते तो आमचा माणूस नाही, आणि ठेकेदार म्हणाला, परवा घरी येऊन ३ लाख देतो, फक्त स्टॅम्प पेपरवर "पुढे काही मागणी नाही" अशी सही हवी. ताई सध्या बोलण्याच्या स्थितीत नाही, सासरचे म्हणतात घेऊन टाका. शिवाय आमचं घर पलीकडच्या चाळीत, त्याचे पत्रे उडाले, भिंतीला चीर गेलीये. काय करावं?

कोर्टाची पायरी
सही करू नका. बाकीचं नंतर वाचा.

ऑगस्ट २०२५ मध्ये लागू असलेला कर्मचारी भरपाई कायदा १९२३, त्यात मृत्यूची रक्कम कामगाराच्या घरच्यांच्या हातात द्यायची नसतेच, आयुक्ताकडे म्हणजे आपल्याकडे लेबर कोर्टात भरावी लागते. परस्पर दिलेले पैसे भरपाईत धरत नाहीत, आणि हक्क सोडल्याचं लिहून घेतलं तरी ते रद्दच. हिशोब बघा: पगार जास्तीत जास्त १५ हजार धरतात, त्याचा निम्मा ७,५००, गुणिले कायद्याच्या तक्त्यातला ३५ वयाचा आकडा १९७.०६, म्हणजे १४ लाख ७७ हजार ९५०. आणि तो ३ लाख घेऊन येतोय! महिन्याभरात भरले नाहीत तर वर १२ टक्के व्याज. "आमचा माणूस नाही" हे पण चालत नाही, ठेकेदाराचा कामगार असला तरी कंपनीचंच काम करताना गेला तर मूळ मालक जबाबदार. मुदत २ वर्षं, पण एवढं थांबू नका.

बाबू_ईएसआय
वरच्या दादांचं बरोबर आहे पण एक राहिलं. पगार २१ हजारांच्या आत म्हणजे ईएसआय (सरकारी कामगार विमा) लागत असणार, आणि ईएसआय लागू असेल तर हा भरपाईचा क्लेम चालत नाही, त्याऐवजी ताईला आणि मुलांना दरमहा पेन्शन, सगळ्यांची मिळून पगाराच्या ९० टक्के. ठेकेदाराने नाव घातलं होतं का ते आधी ब्रँचला जाऊन विचारा. वकिलाला पैसे देण्याआधी हे.

खिडकीची काच
घराचं वेगळं प्रकरण आहे. एनजीटी म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, आपलं खंडपीठ पुण्यात. तिथे चूक कुणाची ते सिद्ध करायची गरज नाही, नुकसान दाखवायचं, मुदत ५ वर्षं, दावा भरपाईचा असेल तर फी रकमेच्या १ टक्का. जून २०२० ला गुजरातेत दहेजच्या केमिकल कंपनीत स्फोट झाला तेव्हा एनजीटीने कंपनीला २५ कोटी भरायला लावले. कलेक्टरकडे १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याखाली पण अर्ज होतो, पण मूळ कायद्यात मालमत्तेला फक्त ६ हजारांपर्यंत होते, पत्र्याचं भाडं निघणार नाही त्यात. पंचनाम्याची कॉपी हातात घेतल्याशिवाय तलाठ्याला सोडू नका, आमच्याकडे एकदा स्फोट झाला तेव्हा आम्ही विश्वासावर सोडलं आणि नंतर फाइलच सापडेना. पत्रे बदलण्याआधी फोटो, ढिगाऱ्याचे सुद्धा.

पत्रेवाला
वकिलाची फी परवडणार नाही हो आत्ता.

कोर्टाची पायरी
लागणार नाही. औद्योगिक दुर्घटनेतल्या पीडितांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, महिलांना तर तसाही. जिल्हा कोर्टाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथे साधा अर्ज द्या. एफआयआर आणि पोस्टमॉर्टमची कॉपी सोबत न्या. आणि दाजी तिथे कामाला होते याचा पुरावा शोधा, गेट पास, बँकेत कधी पगार आला असेल तर पासबुक, सुपरवायझरचे व्हॉट्सअॅप मेसेज.

पत्रेवाला
गेट पास पँटीच्या खिशात होता, ती पँट पोलिसांकडे आहे. पण "उद्या फर्स्ट शिफ्टला ये" असा सुपरवायझरचा मेसेज ताईच्याच फोनवर आहे, दाजींचा फोन बिघडलेला म्हणून. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. परवा ठेकेदार आला की मी आणि काका बसू समोर, ताईला आत्याकडे पाठवतोय.