थंडीने 'कापणे' चूक? मग आमच्या आजोबांनी काय करायचं होतं?

खाडीकाठ: काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं की 'थंडीने कापणे' हा कोकणातला गावंढळ प्रयोग, कापतात ती भाजी, माणूस 'कंप पावतो'. वाचून डोकं फिरलं, म्हणून जरा लांबण लावतो.

'कंप पावला' असं बोलतं कोण? तापाने फणफणलेलं पोर घोंगडीत गुंडाळून नेलं की डॉक्टरला आपण सांगतो, 'कापतंय बघा.' हे मुळात दोन शब्द आहेत. दंताचा दांत, कंटकाचा कांटा, तसा कंपचा कांप. सुरीचं कापणं आलं कल्प् पासून, प्राकृतात 'कप्प' होऊन. कल्प् ला छाटण्याचाही अर्थ होता, संस्कृतात न्हाव्याला 'कल्पक' म्हणत (जाहिरातवाल्यांनी नोंद घ्यावी). मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात कांपणें वेगळं, कापणें वेगळं. व्याकरणही सरळ: भात आजोबांनी कापलं, थंडीने आजोबा कापले. गोंधळ कुठे आहे?

प्रमाणवादी: सद्गृहस्थ मीच. 'गावंढळ' मी म्हटलं नव्हतं, 'ग्रामीण' म्हटलं होतं. बाकी तुम्हीच माझं काम केलंत. खरा शब्द कांपणें, टिंबासकट! १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार उडवले आणि दोन शब्दांचा चिवडा झाला. 'शेतकरी कापले' असा मथळा आला तर हळहळायचं की पोलिसांना फोन करायचा?

देवरुखची: साठ वर्षं झाली त्या टिंबाला जाऊन, अजून सुतक फिटलं नाही का तुमचं? मी वीस वर्षं मराठी शिकवते. पोरं ऱ्हस्व-दीर्घात बुडतात, 'कापणे'त एकही बुडालेलं पाहिलं नाही. 'थरथर' पुढे असताना सुरी कुणाला आठवते?

माडाखालचा: न उच्चारलेले कोणाचे? आमच्या आजयेच्या नाकात तो अनुस्वार ऐकाक येय. मास्तरान छडी काढली की माका कापरां भरायचां. पलीकडे गोव्यात भूकंपाक अजून भूंयकांप म्हणतत. पुस्तकातसून टिंब गेला म्हणून नाकातसून जायत काय?

वाशिष्ठीकाठ: भूकंपावरून आठवलं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४.२१. चिपळूणच्या आमच्या घरी आधी मांडणीवरच्या पितळी डब्यांची झाकणं वाजायला लागली. आजीला वाटलं मांजर. मग पडवीची कौलं सरकून खाली यायला लागली, तशी ती पोरांना ओढत अंगणात पळाली. मोजली तर एक कमी! आत जाऊन बघते तर धाकटा मामा पाळण्यात गाढ झोपलेला आणि पाळणा आपला आपण हलतोय. आजी शेवटपर्यंत 'भुई कापली' म्हणायची. 'हादरली' नाही, 'कंप पावली' तर नाहीच. बाकी कोयनेचं धरण बांधलं नसतं तर हे काही झालंच नसतं.

प्रमाणवादी: आजी हा पुरावा नव्हे.

पोफळीकर: धरणाला शिव्या घालायच्या आणि त्याच विजेवर मोबाईल चार्ज करायचा! वडील वीजघरात होते आमचे. जमिनीत ताण असल्याशिवाय नुसत्या पाण्याने भूकंप होत नसतो.

वाशिष्ठीकाठ: नुसत्या पाण्याने कोण म्हणतंय? १९६२ च्या सुमारास तलाव भरायला लागला आणि मागोमाग धक्के सुरू झाले. धरणाच्या पाण्याने भूकंप होतात म्हणताना जगभर कोयनेचं उदाहरण देतात. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली आणि तुम्हाला मोबाईल सुचतो?

पोफळीकर: माणसं आमच्या ओळखीतलीही गेली, आवाज चढवू नका. पाण्याने निमित्त दिलं एवढं मान्य. ताण आधीचा होता, तो धरणाने आणला नाही.

वाशिष्ठीकाठ: निमित्त! दारूगोळ्याच्या कोठारात काडी टाकणाऱ्यालाही निमित्तच म्हणा मग.

देवरुखची: धागा शब्दाचा होता हो. निम्मा कोयनेत बुडाला.

खाडीकाठ: मी कधीचा काठावर बसलोय. पण आजीची साक्ष मला पुरते. 'भुई कापली' ऐकून कोयता घेऊन कोणी धावलं नाही, सगळे अंगणातच धावले.

प्रमाणवादी: बरं, बरं. बहुमत आणि आज्या तुमच्या बाजूला. थंडीने खुशाल कापा. मी मात्र टिंब देऊनच लिहिणार.

माडाखालचा: फणसात कापा नको, आमका बरकोच बरो.

पोफळीकर: बरका? त्या लिबलिबीत बरक्याचे तळलेले गरे करून दाखवा आधी, मग बोला.