भाड्याच्या हॉलची सजावट, बजेट १५०० : मॅक्रमेची दोरी किती घ्यायची, जुन्या चादरीचे अभ्रे कसे बेतायचे?

गाठ_आणि_गोंडा

जुळे सोलापूरला भाड्याचा फ्लॅट आहे, हॉल १० बाय १२. मालकांनी खिळा मारायला मनाई केली आहे आणि भिंतींना साधा डिस्टेंपर आहे. एकूण १५०० रुपयांत पुढच्या गोष्टी बसवायच्या आहेत:

सोफ्यामागच्या भिंतीला साधारण फूटभर रुंदीचं एक मॅक्रमे (दोरीला गाठी मारून केलेलं) वॉल हँगिंग. घरातल्या जुन्या सोलापुरी चादरीतून १६ इंची उशांचे चार अभ्रे, चेन न लावता. सुतळी गुंडाळलेल्या दोन-तीन बाटल्या, त्यातल्या एकीत मनी प्लांट.

दोरी किती मीटर लागेल? दुकानात पाकिटं दिसतात, पण त्यांवर कधी मीटर तर कधी ग्रॅम लिहिलेलं असतं, हिशोबच लागत नाही. चादर जाड आहे, घरच्या पायमशीनवर शिवली जाईल का? बाटलीला फेव्हिकॉल लावायचा की ग्लू गन? आणि हँगिंग भिंतीला कसं टांगायचं?

पूर्वभाग_सूत

दोरीचं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

आधी लांबीचा हिशोब. दोरी दुमडून दांडीवर अडकवली की तिचे दोन पदर खाली येतात. गाठींचं काम मध्यम दाट असेल तर प्रत्येक पदर तयार लांबीच्या चौपट लागतो, म्हणजे कापताना दोरी आठपट. तुमचं हँगिंग झालरीसकट ५० सेंमी धरलं तर एक दोरी ४ मीटरची कापायची. ३ मिमी जाडीच्या २४ दोऱ्या जराशा सैल लावल्या की २५ ते २८ सेंमी रुंदी भरते. २४ गुणिले ४ म्हणजे ९६, म्हणून १०० मीटर घ्या. झालरीत गाठी नसल्यामुळे तिथे दोरी वाचते, ती शेवटी छाटता येते. कमी पडली तर मात्र मध्येच जोड द्यावा लागतो आणि तो दिसतो.

आता मीटर आणि ग्रॅम. पाकीट ग्रॅममध्ये असेल तर त्याच दोरीचा १० मीटरचा तुकडा किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून वजन बघा. समजा ४५ ग्रॅम भरलं, तर १०० मीटरला ४५० ग्रॅम लागणार. एकाच "३ मिमी" नावाखाली सैल पिळाची आणि घट्ट पिळाची दोरी वेगवेगळ्या वजनाची येते, त्यामुळे दोन दुकानांतले भाव किलोवर नाही, मीटरवर ताडून बघा.

दोरी सुती आहे का ते एक धागा जाळून कळतं. सूत कागदासारखा वास देत जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं आणि टोकाला कडक मणी होतो. पॉलिस्टरची दोरी गाठीला निसरडी असते आणि झालर विंचरली तरी फुलत नाही. झालर फुलवायची असेल तर एकपदरी पिळाची सुती दोरी मागा. तीनपदरी उकलली तर नागमोडी राहते. गोफासारखी विणलेली दोरी विंचरताच येत नाही, ती फक्त कुंड्यांच्या शिंकाळ्याला घ्या.

खरेदीला नवी पेठ आणि मधला मारुती भागातल्या लेस-बटणांच्या, मण्यांच्या दुकानांपासून सुरुवात करा. पांढरी दोरी रंगीत पाकिटापेक्षा स्वस्त पडते. रंग हवाच असेल तर दोरीत नका आणू, गोंड्यांत आणा. गोंड्यांसाठी साखर पेठ, अशोक चौकाकडे सूत विकणाऱ्यांकडे किंवा ओळखीच्या कारखान्यात सूत गुंडाळलेला, उरलेला अर्धा कोन मागा. यंत्रमागाचं गाव आहे आपलं, इथे गोंड्याच्या दोऱ्याची इवलीशी पाकिटं विकत घेणं म्हणजे पैसे घालवणं. २/२० नंबरचं सूत म्हणजे २० नंबरच्या दोन तारांचा पीळ, त्याच्या एका ग्रॅममध्ये जवळपास १७ मीटर धागा असतो. १० सेंमीच्या पुठ्ठ्यावर २०० वेढे दिले की चांगला भरदार गोंडा होतो आणि त्याला ४० मीटर, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आतच सूत लागतं. १०० ग्रॅममध्ये चाळीसेक गोंडे झाले. दोन बाबी बघा: लागणारं सगळं सूत रंगाच्या एकाच लॉटमधलं घ्या, आणि सूत हाताला कडक लागलं तर त्याला खळ आहे असं समजा. लडी करून गरम पाण्यात भिजवून धुतलं की मऊ पडतं. कोनासकट भिजवू नका, आतलं वाळत नाही.

शिवणघर

सोलापुरी चादरीचे अभ्रे उत्तम होतात, कारण जकार्डची, म्हणजे मागावरच विणलेली नक्षी दोन्ही बाजूंना उलट रंगांत असते. पुढची बाजू एका रंगाची आणि मागची दुसऱ्या, असं एकाच चादरीतून करता येतं.

आधी चादर उजेडासमोर धरा. जिथून उजेड जास्त येतो तो भाग विरलेला, तो सोडायचा. बहुतेक चादरी मध्यभागी विरतात.

माप असं. पुढचा तुकडा १७ बाय १७ इंच. मागे दोन तुकडे, प्रत्येकी १७ बाय ११, एकमेकांवर चढणारे. चारही बाजूंना अर्धा इंच शिलाई गेली की मागचे दोन मिळून २१ इंच उरतात आणि १६ इंची उशीवर ५ इंचांची चढण मिळते. ती ४ इंचांपेक्षा कमी केली तर उशी फुगून मागून दिसते.

यातली कळीची गोष्ट म्हणजे मागच्या तुकड्यांची उघडी कड चादरीच्या लांब काठावर आणा. काठ मुळात पक्का विणलेला असतो, तो दुमडावा लागत नाही. दुमड केली तर कोपऱ्याच्या शिलाईत जाड कापडाचे चार-पाच थर येतात आणि घरची मशीन तिथेच अडते. चादर ६० बाय ९० इंची असेल तर दोन्ही लांब काठांना ११ इंच रुंद पट्टी धरा आणि प्रत्येक पट्टीतून १७ इंचांचे चार तुकडे काढा, मागचे आठ तुकडे झाले. मध्ये ३८ इंच रुंदी उरते, त्यात १७ इंचांचे दोन तुकडे शेजारी बसतात. चार तुकड्यांना मधल्या ९० इंचांपैकी फक्त ३४ इंच लागतात, म्हणजे विरलेला भाग टाळायला भरपूर जागा आहे. नक्षीचं फूल किंवा मोर अभ्र्याच्या मधोमध यावा म्हणून कापण्याआधी १७ इंची चौकोनी भोक पाडलेला वर्तमानपत्राचा कागद चादरीवर सरकवून बघा.

कापण्यापूर्वी, कापायच्या रेघेच्या आत पाव इंचावर मशीनची एक धावती टीप मारून घ्या. ही टीप टाळली तर हाताळताना कडेचे धागे सुटत जातात आणि अर्ध्या इंचाची शिलाई पाव इंचावर येते.

पायमशीनवर शिवलं जातं. सुई मात्र १६ नंबरची लावा, चार थर आले तर १८. बारीक सुई जाड कापडात वाकते, टाका सुटतो आणि लोक दोष मशीनला देतात. टाका लांब ठेवा, साडेतीन मिमीच्या आसपास. कोपऱ्याशी चाक हाताने फिरवा. शिवून झालं की कोपरा तिरका छाटून मगच उलटा, नाहीतर टोक गोळा होऊन बसतं.

नवीन चादर वापरणार असाल तर आधी रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून मग मापं काढा. सूत आटतं. जुनी आधीच आटलेली असते, हा तिचा मोठा फायदा.

गाठ_आणि_गोंडा

दोघांचेही मनापासून आभार. चादरीचं बेतणं आता डोळ्यांसमोर आलं. बाटल्या आणि भिंत राहिलं. ग्लू गन घेतली तर बाटल्यांना तीच वापरावी म्हणते.

चिकटकाम

ताई, संपूर्ण बाटली ग्लू गनने करू नका. काचेवर गरम गोंदाची पकड वरवरची असते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. उन्हाच्या खिडकीत ठेवलेली काच त्याहून तापते, गोंद मऊ पडतो आणि वेढे खाली घसरतात. शिवाय सुतळीच्या फटींतून गोंदाचे कोळिष्टकासारखे तंतू दिसत राहतात.

अंगाला फेव्हिकॉल, सुरुवातीला आणि शेवटी ग्लू गनचा एकेक ठिपका. फेव्हिकॉलमधलं पाणी उडालं की तो धरतो. काच पाणी शोषत नाही, पण सुतळी शोषते, म्हणून इथे तो चालतो. बाटलीचं लेबल भिजवून काढा, मग स्पिरिटने पुसा, कारण बोटांचा तेलकटपणा राहिला तर पकड येत नाही. फेव्हिकॉल पातळ करू नका. एका वेळी दोन इंचांचा पट्टा लावा, त्यावर सुतळी ओढून, वेढ्याला वेढा भिडवत गुंडाळा आणि मग पुढचा पट्टा. उन्हाळ्यात पंख्याखाली बसलात तर तेवढ्यातही वरून साय धरते, म्हणून पंखा बंद. बाहेर आलेला फेव्हिकॉल ओल्या फडक्याने लगेच टिपा, वाळल्यावर सुतळीवर चकाकतो.

लांबी: बाटलीचा घेर गुणिले गुंडाळायची उंची, भागिले सुतळीची जाडी. साडेसात सेंमी व्यासाच्या बाटलीचा घेर साडेतेवीस, उंची २० सेंमी, सुतळी अडीच मिमी, म्हणजे ८० वेढे आणि जवळपास १९ मीटर. सुतळीचा गुंडा किराणा किंवा हार्डवेअरच्या दुकानातून घ्या, तीच ताग सुतळी "क्राफ्ट" लिहिलेल्या पाकिटात महाग मिळते. नव्या सुतळीला रॉकेलसारखा वास असतो, तो ताग कातताना लावलेल्या तेलाचा. गुंडा सैल करून दोन दिवस उन्हात ठेवा.

मनी प्लांटच्या बाटलीला तोंडापासून ३ सेंमी आणि तळापासून २ सेंमी सुतळी नको. पाणी ओतताना सांडतं, सुतळी ओली राहते, बुरशी धरते आणि फेव्हिकॉलही पुन्हा मऊ होतो. सुतळीमुळे उजेड अडतो आणि आत शेवाळ कमी धरतं, हा मात्र फायदा. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर आत बसला तर व्हिनेगर घालून तासभर ठेवा. या बाटल्यांजवळ पणती किंवा मेणबत्ती नको, ताग भुरकन पेटतो.

गन घ्यायचीच असेल तर २० वॅटची पुरे. तिला ७ मिमीच्या कांड्या लागतात, मोठ्या गनला ११ मिमीच्या. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेल्या असतात, बघून घ्या.

भिंतीचं: तळहात भिंतीवर घासा. पांढरी भुकटी हाताला आली तर चिकटवायचा कोणताही हुक तिथे टिकणार नाही, तो भुकटीला चिकटतो आणि भुकटीसकट खाली येतो. पडद्याचा रॉड, आधीपासून असलेली खुंटी, खिडकीचं ग्रिल, माळ्याची कड, यांतलं काही सोफ्याजवळ असेल तर पांढऱ्या दोरीने तिथून टांगा. भुकटी येत नसेल, किंवा ऑइल पेंटची जागा असेल, तर स्पिरिटने पुसून दोन हुक दांडीच्या दोन टोकांना लावा, मिनिटभर दाबा आणि २४ तास काही अडकवू नका. हँगिंग दांडीसकट तोलून, पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या निम्माच भार द्या.

पूर्वभाग_सूत

दांडीचं राहिलं होतं. जुन्या पुसणीची लाकडी दांडी ४० सेंमी कापून १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली की झालं. झाडाची फांदी सुंदर दिसते, पण साल काढून आठवडाभर उन्हात वाळवा. सालीखाली कीड राहिली तर खाली पिठासारखा भुसा पडत राहतो.

आणि गाठींविषयी. स्क्वेअर नॉट म्हणजे चार पदरांची, दोन अर्ध्यांत मारायची गाठ. पहिला अर्धा डावीकडून, दुसरा उजवीकडून. दोन्ही एकाच बाजूने केले की पट्टी जिन्यासारखी गोल फिरते. २४ दोऱ्यांचे ४८ पदर, म्हणून पहिल्या ओळीत १२ गाठी. दुसऱ्या ओळीत दोन्ही कडांचे दोन-दोन पदर सोडून ११. अशा आलटून-पालटून ओळींत बाहेरचा पदर पुढच्या ओळीत आत जातो, त्यामुळे सगळे पदर सारखे खर्च होतात. सरळ उभी पट्टी करणार असाल तर बाहेरचे दोन पदर भराभर संपतात आणि आतले तसेच राहतात. तिथे दोरी मधोमध न दुमडता बाहेरचा पदर लांब ठेवून अडकवा. कडा कमरेसारख्या आत जाऊ नयेत म्हणून दोन ओळींमध्ये २ सेंमी रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी धरून गाठ मारा. हाताच्या अंदाजावर अंतर राखलं जात नाही.

गाठ_आणि_गोंडा

अभ्र्यांच्या कोपऱ्यांना ते गोंडे लावले तर धुताना रंग जाईल का? लाल-काळी चादर आहे, गोंडे पांढरे ठेवावेत असं मनात आहे.

शिवणघर

पांढरे ठेवायचे तर आधी चादर तपासा. ओलं पांढरं फडकं लाल भागावर दाबून त्यावर इस्त्री फिरवा. फडक्यावर गुलाबी उतरलं तर कापड वेगळं धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मीठ किंवा व्हिनेगर घालून सुटणारा रंग पक्का होत नाही, त्यावर विसंबू नका. तरीही उतरत राहिला तर गोंडे काळ्या सुताचे करा.

गोंडा चिकटवू नका. त्याच्या डोक्याची दोरी ३ इंच लांब ठेवा, अभ्रा उलटा असताना गोंडा आत ठेवून ती दोरी कोपऱ्याच्या शिलाईत धरा आणि तिथे टीप दोनदा मारा. गोंड्याचे धागे शिलाईत अडकू नयेत म्हणून तो आधी कागदात गुंडाळून घ्या. धुताना अभ्रा उलटा करून, गोंडे आत, जाळीच्या पिशवीत.