नॅव्हिगेशन आणि मुळाची शस्त्रक्रिया: थोडी भर

दाताच्या मुळाचं टोक कापायच्या शस्त्रक्रियेत नॅव्हिगेशन वापरतात, म्हणजे कॅमेरे ड्रिलचा माग ठेवतात आणि ते कुठे आहे हे पडद्यावर दिसतं. त्यामुळे चूक होणारच नाही, असं म्हटलं जातं; ते मला पटलं नाही. खालच्या दाढांपाशी, जाड हाडाआड नस सांभाळताना मदत होते हे खरं. पण पडद्यावर दिसतो तो आधी काढलेला सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे). दातांवरची मार्करची (कॅमेऱ्यांनी ओळखायच्या खुणांची) क्लिप जराशी सरकली तरी ड्रिल चुकीच्या जागी दिसत राहतं, आणि पडदा स्वतःहून ते सांगेलच असं नाही! म्हणून बर (ड्रिलचं कापणारं टोक) बदलला की पुन्हा कॅलिब्रेशन, म्हणजे नव्या टोकाची यंत्रात नोंद, शिवाय अधूनमधून टोक एखाद्या दाताला टेकवून पडद्याशी ताळा.

शेजारी धातूची कॅप असेल तर स्कॅनमध्ये पट्टे उमटतात ते वेगळंच. मुळाचं टोक कापायचं साधारण ३ मिमी. तिथे १ मिमी चुकणं म्हणजे मोठीच चूक.